व्हिएतनाम सोडताना उरलेल्या डाँगचे काय केले

व्हिएतनामचे डाँग इकडे आणलेत तर मी घेणार नाही, असे विश्रामबागेतल्या परकीय चलनाच्या व्यावसायिकाने आम्ही सांगलीहून निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले होते, आणि म्हणून ते तिथेच संपवायचे किंवा बदलून घ्यायचे असे ठरले. परतण्याच्या आदल्या संध्याकाळी सर्वांचे पाकीट पलंगावर रिकामे केले. वीस हजार आणि पाच लाख या दोन्ही नोटा निळसर, गुळगुळीत प्लास्टिकच्या, त्यामुळे शून्ये बोटाने मोजूनच गठ्ठे लावले. घाईच्या वेळी हे काम मुळीच करू नये. मोठ्या नोटांतून हॉटेलच्या बिलाचा काही भाग चुकता केला आणि उरलेली रक्कम कार्डाने भरली. तरीही जे शिल्लक राहिले, ते विमानतळावरील बँकेच्या खिडकीवर पासपोर्ट व तिकीट दाखवून डॉलरमध्ये बदलले. दर शहरापेक्षा कमी मिळाला, परंतु इथे आणून पडून राहण्यापेक्षा तो मला केव्हाही परवडला. त्या देशातून दीड कोटी डाँग किंवा पाच हजार डॉलरपेक्षा अधिक रोख नेताना जाहीर करावी लागते. आम्ही त्याच्या जवळपासही नव्हतो. परतल्यावर भारतीय नियमानुसार दोन हजार डॉलरपर्यंतचे चलन जवळ ठेवता येते आणि त्याहून जास्तीच्या नोटा 180 दिवसांत अधिकृत विक्रेत्याकडे द्याव्या लागतात. आमचे थोडे डॉलर आईने पुढच्या प्रवासासाठी कपाटात ठेवले आहेत.