बातमी कुठे वाकवली, हे ‘बॅबिलॉन 5’मध्ये कसं पकडायचं

सरकारी दबावाखालची बातमी म्हणजे धडधडीत खोटं, असं धरून ‘बॅबिलॉन 5’ ही अंतराळ स्थानकावर घडणारी अमेरिकन विज्ञानकथा मालिका बघायला बसलात तर निम्मं हातून निसटेल. यातलं आयएसएन हे पृथ्वीवरचं चॅनेल वाकतं ते बहुतेक एडिट टेबलावर.

तीन भाग, याच क्रमाने: सीझन 2 चा 15वा (‘अँड नाऊ फॉर अ वर्ड’, 1995), सीझन 3 चा 10वा (‘सेव्हर्ड ड्रीम्स’, 1996) आणि सीझन 4 चा 8वा (‘द इल्युजन ऑफ ट्रुथ’, 1997). थेट तिसऱ्यावर उडी मारू नका. चॅनेल आधी कसं होतं हे ठाऊक नसेल, तर बिघडलं काय ते कळणार कसं?

पहिल्या भागात वार्ताहर डेलेनला (पृथ्वीशी युद्ध केलेल्या मिनबारी या परग्रहवासीयांची राजदूत) त्या युद्धातल्या मृतांवरून असं घेरते की ती रडते. इथे लगेच ‘दबाव’ लिहू नका. कॅमेऱ्यासमोर अश्रू हवेत ही चॅनेलची स्वतःची हाव. सरकारच्या खात्यावर ती टाकली की पुढचा सगळा हिशोब चुकतो. दुसऱ्यात अँकर बोलत असतानाच चॅनेल बंद पाडलं जातं; तिसऱ्यात ते परत सुरू झालेलं दिसतं, पण सरकारच्या मुठीत. तेवढा प्रसंग पाहिलात तरी चालेल.

खरा वेळ तिसऱ्याला द्या. वार्ताहर स्टेशनवर येऊन शूटिंग करतो आणि शेवटी त्याचं पॅकेज, म्हणजे एडिट करून जोडलेली बातमी, प्रसारित होतं. ते सुरू होण्याआधी पॉज करा. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे आतापर्यंत प्रत्यक्ष दिसलेलं लिहा: कोण, कुठे, काय बोललं. दहा-बारा नोंदी पुरेत. मग पॅकेज लावा आणि प्रत्येक नोंदीसमोर तिचं काय झालं ते उजवीकडे लिहा.

उदाहरणार्थ, गोठवून ठेवलेले टेलिपाथ, म्हणजे दुसऱ्याचं मन वाचू शकणारी माणसं. डावीकडे: शॅडो या शत्रू परग्रहवासीयांनी शरीरात यंत्रं बसवलेले, उपचाराची वाट पाहणारे रुग्ण. उजवीकडे: माणसांवरच्या प्रयोगांचे बळी. व्हिज्युअल खरं, वरचा आवाज नवा. पुढे एक तज्ज्ञ येतो आणि स्टेशनचा प्रमुख शेरिडन याला ‘मिनबारी वॉर सिंड्रोम’ झाल्याचं सांगतो. अशा बाइटसमोर (बातमीत लावलेल्या बोलण्याच्या तुकड्यासमोर) एकच प्रश्न लिहा: हा माणूस रुग्णाला भेटलाय का?

सगळ्यात जास्त घोटाळा होतो स्टेशनचा माजी सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डी याच्या बाइटवर. शेरिडनवरची त्याची नाराजी खरीच आहे, म्हणून लोक ती ओळ सोडून देतात. सोडू नका, ती पॅकेजमध्ये कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर लावलीय ते लिहा. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच फ्रेममध्ये नसतील, तर तिथेही खूण करा. प्रश्न नंतर बदलायला तेवढी फट पुरते.

जाता जाता, पहिल्या भागातली साय कोअरची (टेलिपाथांची सरकारी संस्था) जाहिरात फॉरवर्ड करू नका. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. मध्येच मोजक्या फ्रेमपुरता एक मजकूर चमकून जातो. नेहमीच्या वेगात तो बहुतेकांना दिसतच नाही.