हिरडी खाली सरकली की दाताच्या मुळाला लागणारी कीड, घरी काय बघायचं नि काय करायचं

आईच्या खालच्या दाढेला हिरडीलगत पिवळट तपकिरी रेघ होती, आम्ही वर्षभर चहाचा डाग समजून सोडून दिली आणि डेंटिस्टने हत्यार टेकवलं तर तिथे भिजलेल्या लाकडासारखं मऊ. म्हणून सांगतेय, घरात साठीपुढचं कोणी असेल तर आज रात्रीच टॉर्च मारून हिरडीची कड बघा. फक्त बघा, पिनेने टोकरू नका.

मुळावर एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक पांढरं कवच, नसतं, हे आधी डोक्यात ठेवा. वयाने, पायरियाने, नाहीतर वर्षानुवर्षं मिश्री घासून हिरडी खाली जाते (आमच्या रत्नागिरीकडे कितीतरी बायकांचं हेच) आणि मूळ उघडं पडतं. मग स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, लॅक्टोबॅसिलस, ॲक्टिनोमायसिस हे तोंडातलेच जंतू साखर खाऊन ॲसिड करतात. एनॅमल साधारण ५.५ पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं ॲसिड जास्त) विरघळायला लागतं, मूळ मात्र ६.२ ते ६.७ लाच, म्हणजे अगदी थोडं ॲसिडही त्याला पुरतं. खनिज गेलं की आतली कोलॅजन या प्रथिनाची जाळी उघडी पडते, तीही एन्झाईम खातात, म्हणून तो भाग मऊ लागतो.

आता करायचं काय, तर पहिली मिश्री बंद. मऊ ब्रश, दोन वेळा, १००० पीपीएमच्या आसपास फ्लोराइड असलेली पेस्ट, आणि रात्री घासल्यावर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही, नाहीतर सगळं फ्लोराइड पाण्याबरोबर जातं. फटी मोठ्या असतील तर छोटा इंटरडेंटल ब्रश घ्या. कवळी रात्री काढून ठेवा.

खाण्यात किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते जास्त नडतं. आंबापोळी, फणसपोळी जेवणासोबत खाऊन मोकळं व्हा, आई दुपारभर तुकडा तुकडा तोडून चघळायची, तो गर बरोबर हिरडीच्या खाचेत चिकटून बसायचा. कोकम सरबतही घोट घोट करत तासभर पिऊ नका.

तोंड कोरडं पडत असेल तर लाळ कमी, आणि लाळच ॲसिड धुऊन काढते. बीपीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनी असं होतं, पण गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, मधेमधे साधं पाणी प्या.

कीड लवकर सापडली तर ड्रिल न करताही थांबते. डेंटिस्ट फ्लोराइड वार्निश (फ्लोराइडचा लेप) लावतात, किंवा सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे चांदी नि फ्लोराइडचं पातळ औषध, त्याने डाग काळा पडतो तो कायमचा, आधीच विचारून घ्या. आईच्या दाढेला तेच लावलं, रेघ आता काळी आहे पण कडक, चकचकीत, आणि हत्यार रुतत नाही.