स्टोइक सद्गुणांचा रोजचा सराव : या चुका टाळा

सकाळी रोमन सम्राट आणि स्टोइक विचारवंत मार्कस ऑरेलियसचा एक उतारा, रात्री डायरीत चार ओळी, मधे थंड पाण्याची अंघोळ. महिनाभराने तक्रार येते, ‘सगळं नेमाने करतोय, पण मन काही शांत होत नाही.’ दोष बहुतेक वेळा नेमात नसतो. आपण मोजतोय काय, तिथे गडबड असते. इसवी सन पूर्व 300च्या सुमारास झेनोने अथेन्समधल्या एका चित्रांनी सजलेल्या ओसरीत शिकवायला सुरुवात केली, तेव्हापासून स्टोइक या तत्त्वज्ञानाच्या पंथाचं साध्य सद्गुण हेच आहे : विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. शांतता त्यांच्यामागून येते. तिलाच साध्य धरलं की पुढच्या चुका आपोआप होत जातात.

न्यायाला सुट्टी देणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक ही. संयम म्हणजे मोबाइल बाजूला ठेवणं, धैर्य म्हणजे गार पाणी, विवेक म्हणजे वाचन. तिन्ही गोष्टी एकट्याने, दार लावून करता येतात. न्यायाला दुसरा माणूस लागतो, म्हणून तो मागे पडतो.

मार्कसच्या ‘मेडिटेशन्स’च्या दुसऱ्या भागाची सुरुवात बघा. आज मला लुडबुडे, कृतघ्न, उद्धट, लबाड, मत्सरी लोक भेटतील, असं तो सकाळी स्वतःला बजावतो. लोक एवढंच उचलतात आणि चिलखत चढवून घराबाहेर पडतात. पण उतारा तिथे संपत नाही. ही माणसं माझे नातलग आहेत, असं तो पुढे म्हणतो. पाय, हात, पापण्या, दातांच्या दोन रांगा जशा मिळून काम करतात तसे आपण एकमेकांसाठी आहोत, आणि एकमेकांच्या विरोधात जाणं निसर्गाला धरून नाही. हा उत्तरार्ध गाळला तर उरतो तो फक्त जगाविषयीचा संशय.

उपाय साधा आहे. सकाळी उतारा वाचून झाला की स्वतःला एकच प्रश्न विचारा : आज माझ्याकडून कोणाचं काय देणं लागतं? कामवाल्या बाईंचा पगार, सहकाऱ्याला कबूल केलेली फाइल, भावाची मागायची राहिलेली माफी. त्यातलं एक संध्याकाळपर्यंत फेडायचं. वेळ नसेल तर गार पाणी खुशाल सोडा. हे सोडू नका.

राग आला म्हणजे नापास झालो, असं समजणं

औलस गेलियस या दुसऱ्या शतकातल्या रोमन लेखकाने एक प्रसंग नोंदवला आहे. ग्रीसकडून इटलीला जाणारं जहाज वादळात सापडलं. जहाजावर एक नामांकित स्टोइक तत्त्वज्ञ होता. हा कसा राहतो बघू, म्हणून गेलियसने त्याच्याकडे नजर टाकली, तर त्याचाही चेहरा पांढराफटक! वादळ ओसरल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारला. पुढे गेलियसने आदराने कारण विचारलं, तेव्हा तत्त्वज्ञाने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या ‘प्रवचनां’चा पाचवा भाग काढून दाखवला. (तो भाग आज उपलब्ध नाही. चार भाग आणि काही तुकडे तेवढे उरले आहेत.) त्यातला मुद्दा असा होता : अचानक भयंकर आवाज झाला, काही कोसळलं, तर शहाण्याचंही मन क्षणभर हलतं, चेहरा उतरतो. ते त्याच्या हातात नाही. ‘हे खरोखरच वाईट आहे’ या विचाराला तो होकार देत नाही, एवढाच फरक. रोमन स्टोइक लेखक सेनेकाही रागावरच्या ग्रंथात हेच सांगतो. अंगावर गार पाणी उडालं की शहारा येणारच, तो बुद्धीने थांबत नाही.

म्हणून डायरीत ‘आज पुन्हा चिडलो’ एवढंच लिहिण्यात अर्थ नाही. चिडल्यानंतरच्या मिनिटभरात काय केलं ते लिहा. मेसेज टाइप केला आणि पाठवला नाही? मग त्या दिवशीचा सराव झाला.

‘ते माझ्या हातात नाही’ म्हणून हात झटकणं

आपल्या हातात काय आणि काय नाही, ही एपिक्टेटसची विभागणी सगळ्यांना पाठ असते, आणि आळशी माणसाला ती फारच सोयीची पडते. हा पेच जुनाच आहे. बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्याला बोलावलं काय, न बोलावलं काय, सारखंच, असा युक्तिवाद तेव्हाही केला जाई. क्रिसिपस या सुरुवातीच्या काळातल्या स्टोइक तत्त्वज्ञाचं उत्तर होतं की बरं होणं नशिबात असेल तर वैद्याला बोलावणंही त्याच नशिबाचा भाग आहे. (झोप उडाली असेल, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डायरीवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा. क्रिसिपसने दुसरं काही सांगितलं नसतं.)

याच चुकीची दुसरी तऱ्हा हल्ली फार दिसते : मनःशांती टिकावी म्हणून अडचणीतल्या माणसांपासून लांब राहणं. एपिक्टेटसकडे एक अधिकारी आला होता. मुलगी इतकी आजारी होती की मला बघवेना, म्हणून बरी झाल्याचा निरोप येईपर्यंत मी घराबाहेरच राहिलो, असं त्याने सांगितलं. बापाला असं वाटणं साहजिकच, असंही वर जोडलं. एपिक्टेटसने विचारलं, आईचंही प्रेम आहे ना, मग तिनेही जायला हवं होतं? दाईने? म्हणजे प्रेम करणाऱ्या सगळ्यांनी पोरीला एकटं टाकायचं? आपण पुतळ्यासारखं निर्विकार राहायचं नाही, मुलगा, भाऊ, बाप, नागरिक म्हणून नाती सांभाळायची, हेही त्याचंच सांगणं आहे. आणि दुःखात असलेल्या माणसाला ‘प्रतिक्रिया तुझ्या हातात आहे’ हे ऐकवू नका. एपिक्टेटस अशा वेळी त्याच्याबरोबर हळहळायला सांगतो.

रात्रीच्या हिशोबात स्वतःला झोडपणं

दिवा मालवल्यावर, बायको बोलायची थांबल्यावर सेनेका दिवसाची उजळणी करायचा. त्याच्या नोंदी नेमक्या आहेत : त्या वादात फार तावातावाने बोललास, अमक्याला हवं त्यापेक्षा सडेतोड सुनावलंस, तो सुधारला नाहीच, उलट दुखावला. आणि त्याचबरोबर, पुन्हा करू नकोस, या वेळी माफ केलं. आपल्या डायऱ्यांत याच्या नेमकं उलटं चालतं : ‘मी वाईटच आहे’ अशी मोघम वाक्यं, आणि माफी कुठेच नाही. माणसाचं नाव, घडलेली गोष्ट, उद्या काय करायचं, एवढं पुरे. पानभर लिहू नका.

गाजावाजा

इथे फार बोलायला नको. तहान लागली असताना तोंडात गार पाणी घ्यायचं, थुंकून टाकायचं आणि कोणाला सांगायचं नाही, हा एपिक्टेटसने सांगितलेला व्यायाम आहे. थंड पाण्याच्या बादलीचा फोटो स्टेटसला लावणाऱ्यांनी शेवटची अट वाचावी. अधूनमधून काही दिवस साधं अन्न आणि जाडेभरडे कपडे घ्यायला सांगताना सेनेकानेही श्रीमंतांच्या हौशी गरिबीला चिमटा काढलाच आहे.

एक खाडा पडला की सगळं सोडणं

ॲपमधली सलग दिवसांची साखळी तुटली की लोक सरावच बंद करतात. एपिक्टेटसची मोजणी वेगळी होती. आधी रोज रागवायचो, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांनी, तीन दिवसांनी. इथे राग आला तर हिशोब मोडत नाही. मधलं अंतर वाढतंय की नाही एवढंच बघायचं. तीस दिवस राग आला नाही तर देवाला बळी अर्पण कर, असं तो म्हणतो. त्याच वेळी बजावतोही, की ताप उतरला तरी अशक्तपणा उरतो, तसे मनावरही वळ राहतात; पूर्ण पुसले नाहीत तर पुढचा फटका तिथेच बसतो.

म्हणून एका वेळी एकच खोड घ्या. कॅलेंडरवर ती उफाळली त्या दिवसावर फुली मारा आणि दोन फुल्यांमधलं अंतर बघत राहा. अंतर चार दिवसांवर आलं की उत्साहाने लगेच दुसरी खोड हातात घ्यावीशी वाटेल. घेऊ नका. निदान एक अख्खा महिना कोरा जाईपर्यंत पहिलीच धरून ठेवा.