मानेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाजवळ बसणाऱ्याने काय पाहावे

मानेतील सरकलेली गादी काढण्यासाठी बहुतेक वेळा गळ्याच्या पुढून छेद घेतात, आणि श्वासनलिका व अन्ननलिका एका बाजूला सारूनच मणक्यापर्यंत पोहोचतात. टाके घातल्यावर आतली एखादी रक्तवाहिनी पुन्हा वाहू लागली, तर त्या अरुंद जागेत रक्त साचते. ते श्वासनलिकेवर दाब आणतेच, शिवाय शिरांतून परतणारे रक्त अडवून स्वरयंत्राला आतून सूज आणते. असे क्वचितच घडते. रक्ताची गाठ बहुधा पहिल्या 24 तासांत होते, तर नुसत्या सुजेचा अडथळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वाढू शकतो.

शस्त्रक्रियेआधी सर्व गोळ्या, गुडघेदुखीसाठी गावातल्या दुकानातून आणलेल्यासुद्धा, पिशवीत भरून भूलतज्ज्ञांना दाखवाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. हृदयात स्टेंट असलेल्याने ती परस्पर बंद करणे घातक ठरू शकते.

वॉर्डात आल्यावर घसा दुखणे, गिळताना टोचणे, आवाज थोडा बसणे हे बऱ्याच जणांना होते आणि हळूहळू कमी होते. वाढत जाणारा त्रास मात्र वेगळा समजावा. तासाभरापूर्वी पाणी गिळणारा रुग्ण आता थुंकीही गिळू शकत नाही, आवाज बदलला आहे, गळा आवळल्यासारखा वाटतो, आडवे केले की तो उठून बसतो, उगाच घाबराघुबरा होतो, ही सुरुवातीची लक्षणे आहेत. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येणे हे उशिराचे लक्षण होय. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहू शकतो, म्हणून "आकडा तर 98 आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. कॉलर किंवा जाड पट्टीखाली सूज झाकली जाते, आणि खोलवरची गाठ बाहेरून दिसतही नाही. जखमेतले रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी कोरडी असणे हाही आत रक्त साचले नसल्याचा पुरावा नव्हे.

असे काही दिसताच रुग्णाला बसते ठेवावे, तोंडाने काहीही देऊ नये आणि सिस्टरांना बोलावून "मानेचे ऑपरेशन झाले आहे, श्वासाला त्रास वाढतोय, डॉक्टरांना आत्ताच बोलवा" असे स्पष्ट सांगावे. रात्रीचे दोन वाजले असले तरी संकोच करू नये. तळमळ वेदनेची समजून झोपेच्या इंजेक्शनचा आग्रह तर मुळीच धरू नये, कारण त्याने श्वास आणखी मंदावतो. श्वास कोंडत असताना डॉक्टरांनी स्कॅनसाठी न थांबता खाटेवरच टाके उघडून रक्त मोकळे केले, तर नातेवाइकांनी अडवू नये. तेच जीव वाचवणारे असते. त्यानंतरही आतली सूज लगेच उतरत नाही, म्हणून श्वासनलिकेत नळी घालावी लागू शकते.

छेद मानेमागून असेल, तर हातापायांतली ताकद कमी होणे, नवा बधिरपणा आणि लघवी अडणे यांकडे लक्ष द्यावे. हेही तातडीनेच कळवायचे.

शस्त्रक्रिया छत्रपती संभाजीनगरला आणि घर बीड किंवा परभणीकडच्या खेड्यात असेल, तर डिस्चार्जनंतरही पहिले काही दिवस शहरातल्या पाहुण्यांकडे राहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. घरी त्रास सुरू झालाच, तर 108 ला फोन करावा, रुग्णाला बसवूनच न्यावे आणि गावातल्या दवाखान्यात वेळ न दवडता श्वासनलिकेत नळी घालण्याची सोय असलेले जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, मग ते शस्त्रक्रिया झालेले रुग्णालय नसले तरी चालेल. वाटेतूनच फोन करून शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी आणि मानेच्या पुढून की मागून झाली, हे तिथे कळवून ठेवावे.