आजार फॉर्मवर लिहा, भिंतीवर नको: आरोग्य अनुदानाचा अर्ज करताना या चुका टाळा

उत्तर नागपुरातल्या एका आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एकदा पोषणाची मदत मिळालेल्यांची यादी लागली होती. अनुक्रमांक, नाव, मोबाइल, बँक आणि शेवटचा रकाना 'आजार'. साधा ए-फोर कागद, चार कोपऱ्यांना सेलोटेप. नेमका लसीकरणाचा दिवस. बाया लेकरं मांडीवर घेऊन तासभर त्याच भिंतीला टेकून बसलेल्या. संध्याकाळपर्यंत तीन गल्ल्यांना कळलं होतं, कोणाला टीबी आहे ते. त्यातल्या एकीच्या पोरीची सोयरीक चालू होती. ती तरातरा माझ्या दारात आली. "ताई, मी पैशासाठी फॉर्म भरला न. गावाले सांगाले थोडीच भरला?"

यादी लावणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. डेटा एन्ट्रीच्या पोराने पोर्टलवरून शीट काढली आणि होती तशी छापली, एवढंच. मी महिला आरोग्य समितीत, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या वस्तीतल्याच बायांच्या गटात आहे. वस्तीतले अर्ज भरून देणं, अडकलेले सोडवणं, हेच दिवसभर चालतं. माहिती चोरणारा हॅकर मला अजून भेटलेला नाही. आमच्याकडे माहिती फुटते ती झेरॉक्सच्या दुकानात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, टेबलावर उघड्या पडलेल्या रजिस्टरातून. आणि बऱ्याचदा ती आपणच न मागता देऊन बसलेलो असतो.

पैसा कोणाचा, हे न विचारणं

वस्तीत सगळ्याच पैशाला 'मनपाचं अनुदान' म्हणतात. तसं नसतं. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात, ती केंद्राची निक्षय पोषण योजना. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी हीच रक्कम ५०० होती. पहिल्या बाळंतपणाचे ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० हे मातृवंदना योजनेचे. दवाखान्यात बाळंतपण व्हावं म्हणून जननी सुरक्षा योजनेचे शहरात ६०० रुपये वेगळे. आमच्या समितीला वर्षाला ५,००० येतात, ते राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचे. कागदावर त्याला अबंधित निधी म्हणतात, म्हणजे कुठे खर्चायचा ते समितीने ठरवायचं; बोलताना सगळे 'अनटाइड'. दिव्यांगांसाठी मनपा स्वतःच्या उत्पन्नातून जो हिस्सा राखून ठेवते, तो मात्र खरोखर मनपाचा.

हे माहीत असायला हवं, कारण चूक दुरुस्त करायला त्याच दारात जावं लागतं. आपला कागद आशाताईच्या डायरीतून सिस्टरच्या रजिस्टरात जातो, तिथून ऑपरेटरच्या पोर्टलवर, मग पीएफएमएसमध्ये, म्हणजे सरकारी पैसा खात्यात पाठवणाऱ्या यंत्रणेत, आणि शेवटी बँकेत. प्रत्येक टप्प्यावर आपल्या माहितीची एक प्रत मागे राहते. सिव्हिल लाइन्सला मनपाच्या मुख्यालयात जाऊन 'माझं नाव चुकलं' म्हणून ओरडलं तरी तिथल्या माणसाच्या हातात ते पोर्टल असेलच असं नाही. आधी आपलं नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग झोन. मनपाचे दहा झोन आहेत आणि घराच्या कर पावतीवर आपला कोणता ते लिहिलेलं असतं. बेसा-पिपळा नागपूरच वाटतं, पण मनपाच्या हद्दीत नाही. तिकडचे लोक इकडे आधारच्या झेरॉक्स देऊन जातात, अर्ज परत येतो, झेरॉक्स परत येत नाहीत.

'सगळंच जोडून टाका, भानगड नको'

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जास्त कागद जोडले की काम लवकर होतं, असा आपल्याकडे समज आहे. बाळंतपणाच्या अर्जाला दवाखान्यातून सुटल्याचा पुरावा हवा असतो. लोक अख्खी फाईल झेरॉक्स करतात. त्या फाईलमध्ये गरोदरपणात केलेल्या सगळ्या तपासण्या असतात, एचआयव्हीचीसुद्धा. निकाल काहीही असो, तो कागद जननी सुरक्षेच्या गठ्ठ्यात कशाला हवा? एचआयव्हीबद्दलची माहिती गोपनीय ठेवण्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण आपणच स्टेपल मारून दिली, तर कायदा तरी काय करणार?

अर्जाच्या मागे जोडायच्या कागदांची यादी छापलेली असते. तेवढेच द्यायचे. टेबलावरचा माणूस यादीबाहेरचा एखादा कागद मागत असेल तर "हा कशासाठी लागतो, साहेब?" असं विचारायचं. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं. निम्म्या वेळा उत्तर येतं, "राहू द्या."

झेरॉक्सवर आडवी रेघ ओढून 'फक्त अमुक योजनेसाठी', तारीख आणि सही, हे मी प्रत्येकीकडून करून घेते. सुरुवातीला बाया हसायच्या. आता पेन घेऊनच येतात. नुसती ओळख दाखवायची असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. पैसा आधारवरून खात्यात येणार असेल तिथे पूर्ण क्रमांक लागतो, तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही.

झेरॉक्सचं दुकान

मागे एका दुकानात आधार काढायला गेले होते. पोराने वेबसाइट उघडली, ओटीपी घेतला, फाईल उतरवली, प्रिंट दिली. "दहा रुपये." मी म्हटलं, "फाईल पुस आता." त्याने डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं, आणि त्यात दिवसभरातली ई-आधारं एकाखाली एक. पासवर्ड असतो म्हणून काय झालं? तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल, एवढाच असतो, आणि दुकानदाराला तो आपणच सांगितलेला असतो. पोराने माझी फाईल डिलीट केली. मी म्हटलं, "रीसायकल बिनमधूनही." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी त्याच्या गल्ल्यातच हात घातला.

व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवून प्रिंट काढणाऱ्यांनी प्रिंट हातात आल्यावर त्याच्या फोनमधून चॅट पुसायला सांगावं. आपल्या फोनवरून 'सर्वांसाठी हटवा' केलं तरी त्याच्या गॅलरीत उतरलेला फोटो राहू शकतो.

एएस की एसएस

विदर्भात राहून सिकलसेलवर, आईबापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजारावर, बोललं नाही तर हा लेख अर्धाच राहील. शाळेत, अंगणवाडीत, शिबिरात बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटीची चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की एवढंच कळतं की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक, म्हणजे एएस आहे की रुग्ण, म्हणजे एसएस आहे, ते पुढच्या तपासणीत ठरतं. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. इथे दोन चुका होतात, आणि दोन्ही मी पाहिल्यात.

पहिली: शिबिराच्या पहिल्या चिठ्ठीवरच लोक मदतीचा अर्ज करतात आणि आजाराच्या रकान्यात नुसतं 'सिकलसेल' लिहितात. अर्ज त्रुटीत जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आजार आहे, पण तो आजार, वाहक असणं नव्हे. वाहकाला बहुतेक त्रासच नसतो. पुढच्या तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय अर्ज देऊच नका.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागते. सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, तपासणीनंतर कार्डं मिळू लागली, आणि कार्डाचे फोटो गल्लीच्या ग्रुपवर फिरू लागले. "माझं आलं, तुमचं आलं का?" मुलगी नुसती एएस आणि स्थळं परत जायला लागली. खरं तर ते कार्ड लग्नाआधी दोघांनी एकमेकांना दाखवण्यासाठीच आहे. दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. हे दोन माणसांनी, डॉक्टरसमोर बसून बोलायचं. अख्ख्या ग्रुपने कशाला?

आधार लिंक आहे, तरी पैसे नाहीत

माहिती जपणं वेगळं आणि पैसा अडकणं वेगळं, असं वाटतं. पण दोन्हीचं मूळ बरेचदा एकच असतं: माहिती कुठे, कोणत्या रूपात दिली, हे आपल्यालाच आठवत नाही.

बँक म्हणते आधार लिंक आहे, पोर्टल म्हणतं नाही. दोघंही खरं बोलतात. केवायसीसाठी आधार जोडणं एक आणि अनुदानासाठी ते एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, यादीत चढवणं दुसरं. त्या यादीत एका आधारला एकच बँक असते, सगळ्यात शेवटी चढवलेली. मागच्या वर्षी कोणी तरी मोबाइलवर खातं उघडून दिलं असेल आणि तेव्हा नकळत होकार गेला असेल, तर पैसा तिकडे पडून असतो. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, कोणती बँक ते कळतं.

नावाचा घोळ तर आपल्या घरोघरी. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, रेशन कार्डावर आडनाव आधी, दवाखान्याच्या कार्डावर सिस्टरने ऐकलं तसं. नाव जुळलं नाही की पैसा अडलाच. प्रत्येक ठिकाणी वेगळं प्रतिज्ञापत्र देत बसू नका. आधार आणि बँक, या दोन जागा आधी एक करा. बाकीचे कागद त्यांच्यामागे येतात.

आणि मोबाइल. आशाताई घाईत दहा बायांच्या अर्जावर स्वतःचाच नंबर टाकते, कारण घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. मग हप्त्याचे मेसेज आशाताईच्या फोनवर. तिने नंबर बदलला की सगळंच बंद. नवऱ्याचा नंबर दिला तर पैसे आल्याचं त्यालाच आधी कळतं, आणि मग ते पैसे कुठे जातात ते मी इथे लिहीत नाही. बाईच्या नावावर एक साधं सिमकार्ड, बटणाच्या फोनमध्ये का होईना, असायलाच हवं.

फोटो काढताना

टीबीच्या रुग्णांना धान्याची टोपली देणारे निक्षय मित्र २०२२ पासून आहेत. चांगलं काम आहे. रुग्णाची संमती घेऊनच त्याचं नाव मित्रापर्यंत जातं. पण ती संमती मदत घेण्याची असते, टोपली हातात धरून पाच पाहुण्यांमध्ये उभं राहून फोटो काढण्याची नसते. वाटप करणाऱ्यांना फोटो हवाच असेल तर टोपल्यांचा काढा. पाहुणे रुसतील. रुसू द्या.

आमच्या समित्यांची चूक

आता स्वतःकडे बोट. पाच हजारांचा हिशेब ठेवायचा म्हणून आम्ही कॅशबुकात लिहायचो: 'अमुक गल्लीतल्या तमुकबाईला गर्भपिशवीच्या रक्तस्रावासाठी ऑटोभाडं १५० रुपये.' ते कॅशबुक दर बैठकीत हातोहात फिरायचं. आता आम्ही लिहितो, 'रुग्ण क्रमांक ७, तातडीचा प्रवास, १५०.' क्रमांक आणि नाव यांची वही वेगळी, अध्यक्षांच्या कपाटात. ऑडिटवाल्यांना हवी असेल तर ती दाखवता येते. अजून कोणी आक्षेप घेतलेला नाही.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातली मुख्य बंधनं नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. अनुदान देण्यासाठी सरकारला माहिती वापरायची मुभा त्यात आहे, ती भिंतीवर डकवायची नाही. चुकलेली माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे. खोटी माहिती देणाऱ्या अर्जदारालाही १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्यातच मनाई आहे, त्यासाठी हा नवा कायदा लागू होईपर्यंत थांबायची गरज नाही.

"मग यादी लावायचीच नाही का?" असं एका साहेबांनी मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. अनुदान कोणाला मिळालं हे लोकांसमोर ठेवायला माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं, आणि यादी नसली की खोटी नावं घुसतात, हेही आम्ही पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच की टीबी, एचआयव्ही, सिकलसेल यांची मदत असेल तर नुसतं योजनेचं नावच आजार सांगून जातं. तिथे वॉर्डातली संख्या आणि एकूण रक्कम लावा, नावं नकोत. बाकी योजनांत नाव आणि रक्कम पुरे.

आपली माहिती कुठे लागलेली दिसली तर आधी फोटो काढून ठेवा, मग त्याच केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, एक प्रत झोनला, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं.

त्या भिंतीवरचा कागद आम्ही त्याच संध्याकाळी काढून घ्यायला लावला. ऑपरेटर पोरगा शरमिंदा झाला, बिचारा. दुसऱ्या दिवशी त्याने सुधारलेली एक्सेल फाईल आशाताईंच्या ग्रुपवर टाकली, आजाराचा रकाना गायब. मी फोनवर उघडली, रकान्यांची अक्षरं बघितली: ए, बी, सी, आणि एकदम एफ. मधले दोन नुसते हाइड केलेले होते. पुन्हा त्याला फोन लावला. "भाऊ, लपवू नको. नवीन शीट घे आणि पाहिजे तेवढंच त्यात टाक."

"हो न ताई," तो म्हणाला, "करूनच राहिलो."