क्युम्युलीन कसे शिकावे: सेंद्रिय रसायनशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

नाशिकमध्ये रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर मी काही वर्षे अंबड औद्योगिक वसाहतीत संश्लेषणाचे काम केले आणि आता गंगापूर रोड परिसरात नेट व गेटच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. एकापाठोपाठ एक द्विबंध असलेल्या रेणूंना, म्हणजे क्युम्युलीनना, अभ्यासक्रमात फार थोडी जागा मिळते. त्रिमितीय विचाराची सवय लावण्यासाठी मात्र याहून चांगला विषय मला माहीत नाही.

बहुतेक विद्यार्थी एक नियम पाठ करून येतात: द्विबंधांची संख्या सम असेल तर किरॅलिटी (रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा एकमेकांवर न जुळणे) शक्य, विषम असेल तर सिस-ट्रान्स समघटकता (टोकांचे गट एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना, यावरून वेगळे रेणू) शक्य. नियम बरोबर आहे, पण तो ऑर्बिटलपासून स्वतः काढावा, असा माझा आग्रह असतो. ॲलीनमधील, म्हणजे दोन सलग द्विबंध असलेल्या क्युम्युलीनमधील, मधला कार्बन एसपी संकरित असतो आणि त्याच्याकडे परस्परांना लंब असे दोन पी ऑर्बिटल उरतात. त्यांपैकी एक डावीकडच्या कार्बनशी आणि दुसरा उजवीकडच्या कार्बनशी पाय (π) बंध करतो, त्यामुळे दोन्ही टोकांचे गट एकमेकांना काटकोनात असलेल्या प्रतलांत येतात. आणखी एक द्विबंध जोडला की प्रतल पुन्हा ९० अंशांनी फिरते, म्हणूनच तीन द्विबंध असलेल्या ब्युटाट्राईनचे सर्व अणू एका प्रतलात असतात. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन तुकडे खाचा पाडून काटकोनात बसवले, तर वहीतली सपाट आकृती जे दाखवू शकत नाही ते हातात घेऊन पाहता येते. पेंटा-२,३-डाईनमध्ये चार वेगळे गट जोडलेला एकही कार्बन नाही, तरीही तो रेणू किरल आहे, हे तेव्हा पटते. प्रत्येक टोकावरचे दोन गट परस्परांपासून वेगळे असले की पुरे. डावे आणि उजवे टोक एकसारखे असले तरी चालते.

डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८७५ मध्येच अशा रेणूंच्या किरॅलिटीचे भाकीत केले होते. प्रत्यक्ष प्रकाशसक्रिय (ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवणारे) ॲलीन हाती येण्यास १९३५ साल उजाडले. त्या वर्षी मेटलँड आणि मिल्स यांनी किरल कॅम्फरसल्फॉनिक आम्ल वापरून एका अल्कोहोलमधून पाणी काढले आणि ते मिळवले. कागदावरच्या विचाराला साठ वर्षांनी प्रयोगाचा आधार मिळाला, हे वर्गात सांगताना मला आजही आनंद होतो.

परीक्षेत आणि प्रयोगशाळेतही उपयोगी पडणारी एक गोष्ट वर्णपटांची आहे. कार्बन-१३ एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रातील कार्बन अणूंच्या वर्णपटात) ॲलीनचा मधला कार्बन साधारण २०० ते २१५ पीपीएमला दिसतो आणि घाईत तो कीटोनचा समजला जाण्याची शक्यता असते. अशा वेळी आयआर (अवरक्त) वर्णपट जवळ ठेवावा: कार्बोनिलचा १७१५ सेमी⁻¹ च्या आसपासचा ठळक पट्टा नसून १९५०च्या सुमारास पट्टा असेल, तर ॲलीनचा विचार करावा.

शृंखला लांबत जाते तशी अभिक्रियाशीलता वाढते, म्हणून लांब क्युम्युलीन टिकवण्यासाठी टोकांना अवजड गट लावावे लागतात. कारखान्यातील नोकरीत असे रेणू क्वचितच भेटतील, पण त्यांची भावंडे नक्की भेटतील. कीटीन, आयसोसायनेट आणि कार्बोडायइमाइड यांत द्विबंधांची तीच सलग रचना असते, फक्त कार्बनच्या जागी ऑक्सिजन किंवा नायट्रोजन येतो. त्यांचा मधला कार्बन इलेक्ट्रॉनसाठी भुकेला असतो, म्हणून अमाइन किंवा अल्कोहोल नेमके त्याच जागी हल्ला करतात. भोपाळमध्ये १९८४ साली गळती झालेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. ॲमाइड बंध तयार करण्यासाठी वापरले जाणारे डीसीसी (डायसायक्लोहेक्झिलकार्बोडायइमाइड) हेही त्यातलेच. अभिक्रियेनंतर त्यापासून न विरघळणारा युरिया तयार होतो, बराचसा गाळून काढता येतो, पण उरलेले अंश शुद्धीकरणात त्रास देतात. शिवाय डीसीसीमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते, तेव्हा ते तोलण्यापूर्वी हातमोजे घालावेत आणि काम फ्यूम हूडमध्येच करावे.