डोक्यातली गर्दी कमी करायची तर आधी ती कागदावर उतरवा

रात्री सगळं आवरून पाठ टेकली की नेमकं तेव्हाच आठवतं, अरे, शाळेतून आलेल्या फॉर्मवर सही करायची राहिलीच. फॉर्म दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे, उद्या शेवटची तारीख आहे, आत्ता उठू का सकाळी करू, सकाळच्या घाईत विसरले तर, आणि मग त्या एका सहीमागून बाकीची रांगच लागते, धाकट्याचे बूट घट्ट व्हायला लागलेत, लसीची तारीख बघायचीये, ऑफिसच्या त्या मेलला उत्तर द्यायचं राहिलंय, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात. अंग दमलेलं असतं पण डोकं काही थांबत नाही. मी बरीच वर्षं असंच धरून चालले होते की आपल्याला कामंच खूप आहेत म्हणून हे होतं. मग मध्ये काही कामं कमी केली, कामाला मदत घेतली, तरी रात्रीची रांग तशीच. तेव्हा लक्षात आलं की मला थकवत होतं ते काम करणं कमी आणि सगळ्या घराचं लक्षात ठेवणं जास्त.

ह्यामागे कारण आहे. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये प्रयोग करून १९२७ मध्ये मांडलं होतं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत राहतात. पण मला खरा दिलासा मिळाला तो मासिकाम्पो आणि बॉमायस्टर ह्या दोन मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या संशोधनातून. त्यांना असं दिसलं की अपुरं काम डोक्यात टोचत राहू नये म्हणून ते पूर्णच करावं लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं तरी टोचणी थांबते. म्हणजे आज रात्री बूट आणायची गरज नाही, बूट कधी आणायचे एवढं ठरलं की पुरे.

तर पहिलं काम म्हणजे डोकं रिकामं करायचं. वीस-पंचवीस मिनिटं कोणी हाक मारणार नाही अशी बघा, फोन बाजूला ठेवा, कोरा कागद घ्या आणि जे जे आठवतंय ते लिहीत सुटा, क्रम नको, महत्त्वाचं कोणतं ह्याचा विचार नको, अक्षर कसंही येऊ दे. दहा मिनिटांनी वाटतं संपलं, पण तिथे थांबू नका, कारण खरी टोचणारी कामं त्यानंतरच वर येतात. अडलात तर मनातल्या मनात घरातून फिरून या, दारापासून सुरू करून एकेक खोली, मग घरातलं एकेक माणूस डोळ्यांसमोर आणा, ह्याचं माझ्याकडे काय काय बाकी आहे, मग ऑफिसचं टेबल, मग पर्स, मग फोनमधले न वाचलेले मेसेज. माझ्या पहिल्या कागदावर सत्तरच्या वर गोष्टी निघाल्या होत्या आणि त्या बघून मला रडू आलं, पण त्या रात्री झोप मात्र लागली.

आता ह्यातली सगळ्यात कळीची गोष्ट, इथे घाई करू नका. आपण यादीत काम लिहीत नाही, विषय लिहितो. "मुलाचे दात" असं माझ्या यादीत तीन महिने होतं. रोज नजर पडायची, रोज अपराधी वाटायचं, आणि हात काही लागायचा नाही, कारण "मुलाचे दात" हे करता येण्यासारखं कामच नाहीये, त्यात नंबर शोधणं आलं, वेळ ठरवणं आलं, मला सुट्टी कधी मिळते ते बघणं आलं, आणि दर वेळी ते वाचलं की हा सगळा विचार पुन्हा पहिल्यापासून. मग मी ते खोडून लिहिलं, "मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत दातांच्या डॉक्टरांना फोन करून शनिवारची वेळ घेणे." फोनला चार मिनिटं लागली. चार मिनिटांचं काम मी तीन महिने डोक्यावर वाहिलं. तेव्हापासून माझा नियम असा की ओळीत क्रियापद हवं आणि ती वाचून जागेवरून उठता आलं पाहिजे, फोन करणे, विचारणे, भरून देणे, शोधणे असं काहीतरी.

लिहून झालं की कागदावर दोन खुणा करा. काही गोष्टी सरळ काटा, त्या कधीकाळी करायच्या होत्या, आता नाही केल्या तर कोणाचं काही अडणार नाही. आणि काही गोष्टी कामं नसतात, काळज्या असतात, मुलीला नवीन वर्गात मैत्रिणी मिळतील का, अशा. त्या यादीत ठेवू नका, वेगळ्या पानावर लिहा. त्यातून एखादं करण्यासारखं निघालं, समजा वर्गशिक्षिकेशी बोलणे, तर तेवढंच यादीत आणा.

राहिलेल्या गोष्टींना एक घर द्या. एकच. अर्ध्या गोष्टी डायरीत, चार चिठ्ठ्या फ्रिजवर, काही स्वतःलाच पाठवलेले मेसेज आणि उरलेल्या डोक्यात, असं असलं की डोकं कुठल्याच जागेवर विश्वास ठेवत नाही आणि स्वतःच पहारा देत बसतं. तारीख किंवा वेळ असलेलं सगळं फोनच्या कॅलेंडरमध्ये, बाकीचं एका यादीत, वही असो नाहीतर ॲप, जे दिवसभर हाताशी असतं ते. आणि आठवलं की तिथल्या तिथे टाकायचं, "लक्षात राहील" म्हणायचं नाही. नेल्सन कोवन ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये जे मांडलं त्यानुसार आपण एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरून ठेवू शकतो, मग पाचवी आली की एखादी निसटणारच, त्यात आपल्या स्मरणशक्तीचा दोष नाही.

रिमाइंडर लावताना एक चूक मी खूप केली. सकाळी दहाला, मीटिंग चालू असताना फोन वाजायचा, "बूट आणणे". तेव्हा मी काय करणार, बंद करायचे आणि विसरायचे. ज्या क्षणी ते काम करता येईल त्याच क्षणी आठवण व्हायला हवी, ऑफिसमधून निघतानाची वेळ लावा. काही वेळा तर अलार्मही नको, वस्तूच आठवण करून देते. सही केलेला फॉर्म मी आता घराच्या चावीखाली ठेवते, चावी उचलल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे फॉर्म हातात येतोच.

आता वाटणीचं, आणि ह्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. ॲलिसन डॅमिंगर ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये घरातल्या ह्या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग मांडले, गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि मग झालं की नाही ह्याच्यावर लक्ष ठेवणं. जोडप्यांच्या मुलाखतींमधून त्यांना दिसलं की निर्णय बऱ्यापैकी दोघं मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा भाग जास्त करून बायकोकडेच असतो. हे वाचल्यावर मला कळलं की "तू फक्त सांग, मी करतो" हे ऐकून मी का चिडायचे. सांगायचं म्हणजे लक्षात मीच ठेवायचं. नवऱ्याची मदत करायची इच्छा खरी होती, पण ओझं माझ्याकडेच राहत होतं.

म्हणून काम देताना ते मुळापासून द्या. आम्ही शाळेचा सगळा पत्रव्यवहार त्याच्याकडे दिला, आणि नुसतं तोंडी नाही, शाळेत पहिला नंबर त्याचा दिला, ॲपची सूचना त्याच्या फोनवर, फी त्याच्या कॅलेंडरमध्ये. पहिल्या महिन्यात एक तारीख चुकली. मला आठवत होती तरी मी बोलले नाही, खूप जड गेलं, पण तेव्हा मी आठवण केली असती तर काम परत माझ्याकडे आलं असतं. तारीख चुकल्याने फार काही बिघडणार नाही अशाच गोष्टीपासून सुरुवात करा, औषधं-लसी नंतर द्या. ज्या एकटीने सांभाळतायत त्यांना हा सल्ला अपुरा आहे हे मला माहितीये, त्यांनी निदान बिलं ऑटो-पेवर टाकावीत, दर महिन्याची कामं एकदाच रिपीट रिमाइंडर लावून मोकळं व्हावं, आणि मोठ्या मुलाला स्वतःचं दप्तर स्वतः तपासायला शिकवावं, सुरुवातीला दारामागे चित्रांची यादी लावून.

ऑफिस आणि घर एकमेकांत घुसतं त्यावर दोन छोट्या गोष्टी उपयोगी पडल्या. निघायच्या आधी दहा मिनिटं, काम कुठपर्यंत आलं आणि उद्या बसल्याबसल्या पहिलं काय उघडायचं हे दोन ओळीत लिहायचं. आणि झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहायची. मायकल स्कलिन ह्या झोपेच्या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर हा प्रयोग केला, तो २०१८ मध्ये छापून आला. ज्यांनी पुढची कामं लिहिली त्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जितकं नेमकं लिहिलं तितका फायदा जास्त.

हे सगळं करूनही आठवडेच्या आठवडे झोप नसेल, सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो यादीचा प्रश्न नाहीये, डॉक्टरांना भेटा. बाळंतपणाला वर्ष झालं नसेल तर अजिबात थांबू नका.

आणि ही घडी मोडणार, मुलं आजारी पडली की यादी दोन-तीन आठवडे उघडलीच जात नाही. अशा वेळी जुनी यादी पुरी करत बसू नका, कोरा कागद घ्या, परत वीस मिनिटं बसा, नवीन लिहा, आणि मग जुनीवर एकदा नजर टाकून त्यातलं अजून खरंच करायचंय तेवढंच उचलून घ्या. माझ्याकडे असं वर्षातून चार-पाचदा होतं.